दीड मीटरच्या खाली

तीन मजली तळघरासाठी खणलेला खड्डा बघितला की कुणाच्याही पोटात गोळा येतो. पत्र्याच्या फटीतून खाली डोकावतानासुद्धा माणूस एक पाऊल मागे सरकतो. त्याच माणसाला गल्लीतल्या ड्रेनेजच्या चारीचं काही वाटत नाही. दीड-दोन मीटर खोल, एक माणूस जेमतेम वळेल एवढी रुंद चारी असते. आत एक बिगारी फावड्यानं तळ सारखा करतोय, वरचा त्याच्याकडून घमेलं ओढून घेतोय, बाजूला पाईप रचून ठेवलेत. आपण ढिगाऱ्याला वळसा घालून, चिखलाबद्दल महापालिकेला दोन शब्द सुनावून पुढे जातो. माती अंगावर येऊन माणसं गाडली जातात ती मात्र बहुतेकदा अशाच चाऱ्यांत. मोठ्या खड्ड्याला निदान कुणी तरी स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमलेला असतो, त्याचं ड्रॉइंग असतं, कडेनं पायलिंग केलेलं असतं. चारीला असतो मुकादम आणि त्याचं एक ठरलेलं वाक्य: ‘एवढ्याला काय होतंय!’

काय होतं ते आधी वजनातून बघू. एक घनमीटर मातीचं वजन साधारण १६०० ते २००० किलो भरतं, पाणी मुरलेलं असेल तर आणखी वाढतं. दोन मीटर उंच, एक मीटर लांब आणि अर्धा मीटर जाड एवढा कडेचा तुकडा सुटला की तो बरोबर एक घनमीटर होतो. चारीच्या मानानं हा तुकडा काही मोठा नव्हे. वरच्या काठावरून सुटलेलं ढेकूळ दोन मीटर खाली यायला दोन तृतीयांश सेकंदही घेत नाही आणि तळाशी येताना त्याचा वेग ताशी बावीस किलोमीटरच्या आसपास असतो. वरून कुणी ‘पळ’ म्हणून ओरडायचं ठरवलं, तर शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत सगळं झालेलं असतं. अरुंद चारीत पळायला जागाही नसते. एक कड कोसळली की माणूस समोरच्या कडेवर दाबला जातो, आणि बऱ्याचदा थोड्या वेळानं ती कडही येते.

माणूस मरतो तो गुदमरून. पण नाकातोंडात माती गेली म्हणूनच, असं नाही. डोकं मातीबाहेर असलेला, बोलत असलेला माणूसही जाऊ शकतो. श्वास घ्यायला छातीचा पिंजरा फुगावा लागतो. सुटी माती छातीभोवती भरली की प्रत्येक उच्छ्वासाला छाती आत जाते आणि तेवढ्या जागेत माती आणखी सरकते. पुढचा श्वास त्याहून लहान होतो, त्याच्या पुढचा त्याहून. आडव्या पडलेल्या माणसाच्या छातीवर मीटरभर माती असेल तर छातीच्या पुढच्या भागावरच दीडशे-पावणेदोनशे किलोंचा भार येतो. तेवढं वजन उचलून श्वास घेण्याची ताकद बरगड्यांच्या स्नायूंत नसते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-सहा मिनिटांत कायमची इजा सुरू होते. अग्निशमन दलाची गाडी गल्लीच्या तोंडाशी यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

म्हणून पहिली धाव सोबत्यांचीच असते, आणि तिथेच दुसरा घात होतो. एक कड पडली म्हणजे उरलेल्या मातीचा आधारही गेलेला असतो. वरचा भाग तोंड काढून लटकत असतो. अशा वेळी चार जण काठावर जमतात, दोघं आत उडी मारतात आणि माती पुन्हा येते. आपल्याकडच्या मजुरांच्या टोळ्या एका गावच्या, बऱ्याचदा एका घरातल्या असतात. भाऊ आत असताना ‘थांब, आधी फळ्या लाव’ हे कुणाच्या गळी उतरवायचं? तरी सांगायला हवं ते एवढंच: काठावरची गर्दी मागे हटवायची, जवळची यंत्रं बंद करायची, दोन्ही बाजूंना आधार देऊन मगच आत उतरायचं आणि माणसाजवळची माती हातानं किंवा छोट्या फावड्यानं काढायची. जेसीबीच्या बकेटला खाली माणूस आहे की दगड हे कळत नाही. दोर बांधून ओढायचंही नाही. मांड्यांपर्यंत दाबलेला माणूस ओढून निघत नसतो, सांधे आणि मणके मात्र निखळतात. म्हणून सुटका तासनतास चालते.

त्या तासांत शरीरात आणखी एक गोष्ट घडत असते. १९४१ साली लंडनवर बॉम्बहल्ले चालू होते तेव्हा एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही रुग्णांची हकिगत लिहिली. कोसळलेल्या घरांखाली हातपाय दबून तासन् तास पडलेली ही माणसं बाहेर काढली तेव्हा बऱ्यापैकी दिसत होती. पुढे त्यांचा रक्तदाब घसरला, लघवी कमी आणि गडद होत गेली आणि आठवड्याभरात मूत्रपिंडं निकामी होऊन ती दगावली. चिरडलेल्या स्नायूंतून पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे प्रथिन सुटतं. दाब आहे तोवर ते तिथेच अडकून राहतं. दाब काढला की रक्तात मिसळतं. पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं, मायोग्लोबिन मूत्रपिंडात साचतं. म्हणून हल्ली प्रशिक्षित पथक माणूस पुरता मोकळा करण्याआधीच, तो मातीत असतानाच, शिरेतून सलाईन चालू करतं. साइटवरच्या लोकांना हे ठाऊक नसतं. ‘पायच दबलेत, बोलतोय की’ असं म्हणत माणसाला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं जातं, तिथे मलमपट्टी होते आणि तो घरी परततो. तासाभराहून जास्त वेळ दबलेला माणूस डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायला हवा आणि तिथल्या डॉक्टरांना किती वेळ दबला होता ते सांगायला हवं.

आता मुळातला प्रश्न. माती एवढी जड आणि सैल, तर चारी खणल्यावर ती लगेच का पडत नाही? खरा घोटाळा इथेच आहे. ती उभी राहते म्हणून माणूस आत उतरतो.

मालवणच्या किनाऱ्यावर पोरं किल्ला करतात तो ओल्या वाळूचा. कोरड्या वाळूची भिंत होत नाही, ती उताराशी सांडते. पाण्यात बुडालेल्या वाळूचीही होत नाही. मधल्या दमटपणात वाळूच्या कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं आणि भिंत उभी राहते. ऊन लागलं की ती झडते, लाट आली की विरघळते. चारीच्या कडेचं गणित बरंचसं असंच आहे. मातीच्या कणांमधलं ओढून धरणारं पाणी काही तास, काही दिवस काम करतं. चिकणमातीत कणांची आपसातली पकडही असते, म्हणून ती आणखी उंच, आणखी जास्त वेळ उभी राहते. पण खणताक्षणी शेजारचा आधार निघून गेलेला असतो. माती चारीच्या दिशेला केसभर सरकू लागते, काठापासून थोड्या अंतरावर ताण येऊन जमिनीला भेग पडते, भेगेत हवा शिरून माती वाळते किंवा पाणी शिरून फुगते, आणि पकड तासागणिक कमी होत जाते. तेव्हा ‘कालपासून उभीच आहे की’ हा खड्डा पक्का असल्याचा पुरावा नव्हे. काल उभी होती म्हणून आज पडण्याची शक्यता वाढली आहे, असाच त्याचा अर्थ लावायला हवा.

महाराष्ट्राच्या पठारावर वरून खाली साधारण तीन थर लागतात: काळी माती, मुरूम, मग कातळ. कातळाची भीती नाही, घट्ट मुरूमही बराच काळ साथ देतो. काळी माती मात्र लहरी. तिच्यातलं खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या भेगा उभ्या असतात. चारी अशा भेगेला समांतर गेली तर मातीचा तक्ता आधीच कापून ठेवल्यासारखा मिळतो. शहरात प्रकार वेगळा. इथे मूळ माती हाती लागतच नाही. विटांचे तुकडे, राडारोडा, जुन्या केबलवरची वाळू, मागच्या वर्षीच्या पाईपलाईनवर लोटलेली सैल माती असा सगळा भराव असतो. त्यातच कुठली तरी जुनी पाण्याची लाइन गळत असते. एखाद्या चारीची कड नीट निरखून बघा. वर डांबराची जाड साय, तिच्याखाली खडी, मग करडा भराव आणि मध्येच एका जागी ओलसर गडद डाग. त्या डागाखालून कणाकणानं माती गळून तळाशी छोटासा शंकू झालेला दिसतो. वर डांबर मात्र छपरासारखं पुढे आलेलं असतं आणि त्यामुळे सगळं भक्कम वाटतं. जाणता मुकादम तो शंकू बघूनच माणसं बाहेर काढतो.

कमजोर कडेवर आपण वरून ओझंही ठेवतो. खणलेली माती लांब टाकायची तर दुप्पट मेहनत, शिवाय रस्ता अडतो, म्हणून ती काठालाच रचतात. काठावर जेसीबी उभा, त्याच्या पलीकडून सिटी बस धडधडत जातेय. त्यात पावसाळ्यात रस्ते खोदायला परवानगी मिळत नाही, म्हणून एप्रिल-मेमध्ये सगळ्यांना एकाच वेळी घाई. अर्धवट राहिलेल्या चारीत पहिला वळीव शिरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळातला गाळ काढायला पुन्हा माणूसच उतरवला जातो.

खड्ड्याबाहेरचेही वाचत नाहीत. २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्यातल्या एका सोसायटीची संरक्षक भिंत कोसळली. भिंतीला लागून खालच्या बाजूला दुसऱ्या इमारतीसाठी खोदकाम झालं होतं आणि भिंतीच्या पायथ्याशीच मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. पावसानं भिजलेली माती, भिंत आणि वर लावलेल्या मोटारी झोपेतल्या माणसांवर आल्या. बिहारमधून आलेले १५ जण गेले, त्यांत चार मुलं होती. चारीहून मोठ्या खड्ड्यांतही हेच होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबाचीवाडीत शंभर फुटांहून खोल विहिरीत रिंगचं काम करणाऱ्या चार मजुरांवर रिंग आणि माती कोसळली. एनडीआरएफच्या जवानांना त्यांच्यापर्यंत पोचायला तीन दिवस लागले. मे २०२४ मध्ये वसईजवळ ससूनवघरला सूर्या पाणीपुरवठा योजनेच्या बोगद्याच्या शाफ्टमध्ये आधारभिंत ढासळली आणि पोकलेनसकट चालक गाडला गेला. यंत्राच्या लोखंडी केबिनमध्ये बसला म्हणून माणूस सुरक्षित, हा समजही तिथे मोडीत निघाला.

नियम नाहीत असं मात्र नाही. खोदाईच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक, आयएस ३७६४, १९६६ पासून आहे आणि १९९२ मध्ये ते सुधारलं गेलं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारांना जोडलेल्या सुरक्षा संहितेत तर चार ओळींत सगळं सांगितलंय. दीड मीटर किंवा त्याहून खोल चारीच्या कडा उतरत्या, पायऱ्यापायऱ्यांच्या करा नाहीतर लाकडी आधारानं घट्ट धरा. खणलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्यानं, जे जास्त असेल तितकी, दूर टाका. १.२ मीटरच्या खाली गेलात तर दर ३० मीटरला एक शिडी ठेवा आणि ती काठाच्या वर ९० सेंटीमीटर येऊ द्या. खालून पोखरून माती पाडू नका. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं आणि त्याखालच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांनीही खोदकामाबद्दल सांगून ठेवलं होतं. अमेरिकेतही मर्यादा तीच आहे, पाच फूट म्हणजे दीड मीटर. शिवाय माती ओळखणाऱ्या जाणकार माणसानं रोज काम सुरू होण्याआधी आणि प्रत्येक पावसानंतर चारी तपासायची, अशी तिथे सक्ती आहे. तरी तिथेही माणसं मरतातच. २०२१ च्या अख्ख्या वर्षात १५ कामगार गेले होते, २०२२ च्या पहिल्या सहा महिन्यांतच २२ गेले. मग कामगार खात्यानं हजारावर तपासण्या करायचं जाहीर केलं, नियम मोडणाऱ्यांवर फौजदारी कारवाईची तंबी दिली. ते वर्ष ३९ मृत्यूंवर संपलं आणि २०२३ मध्ये आकडा पुन्हा १५ वर आला. माती तीच, नियम तेच. फक्त बघायला कुणीतरी येऊ लागलं.

आधार कसा द्यायचा यात गूढ काही नाही. जागा असेल तर सगळ्यात उत्तम म्हणजे उतार. पण तो परवडतो का बघा. तळाशी एक मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशी सरळ कडांची चारी खणली तर दर मीटर लांबीला तीन घनमीटर माती निघते. दोन्ही बाजूंना एकास एक उतार दिला तर वरची रुंदी सात मीटर होते आणि माती निघते बारा घनमीटर, म्हणजे चौपट. पेठेतल्या गल्लीत सात मीटर आणायचे कुठून? तिथे शोरिंगच हवं. कडेला उभ्या फळ्या, त्यांना धरून आडव्या वासे-बल्ल्या आणि दोन्ही बाजू एकमेकींपासून दूर ठेवणारे मधले टेकू. लावताना वरून खाली यायचं, काढताना भराव टाकत टाकत खालून वर. टेकू लावणारा माणूस आधार नसलेल्या भागात उभा राहता कामा नये, यावर सगळी मदार आहे. लाकडाऐवजी काठावरूनच सोडता येतील असे हायड्रॉलिक टेकू मिळतात. लांबलचक पाईपलाईनसाठी पोलादी ट्रेंच बॉक्स असतो: दोन जाड भिंती, मध्ये आडवे पाईप. पोकलेननं तो चारीत उतरवायचा, आत काम करायचं, मग पुढे ओढायचा. तो माती पडायची थांबवत नाही, फक्त माणसावर पडू देत नाही. मोठ्या कामांवर हे सगळं दिसतं. वॉर्डातल्या दोनशे मीटरच्या ड्रेनेज लाइनवर क्वचितच दिसतं.

का दिसत नाही याचं उत्तर मजुराच्या निष्काळजीपणात शोधायची आपल्याला सवय आहे. मला ते दरसूचीत सापडतं. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत पायाच्या खोदाईची बाब वाचा. माती काढणं, ठरावीक अंतरावर टाकणं, पाणी उपसणं, तळ तयार करणं, भराव करून धुमस करणं, आणि याच लांबलचक वाक्यात जाता जाता ‘शोरिंग व स्ट्रटिंगसह’. दर सगळ्याचा मिळून एक, घनमीटरला. गंमत म्हणजे दराचा पहिला टप्पा संपतो तोही दीड मीटरलाच. त्याखाली गेलं की माती वर उचलायचे पैसे वाढतात. म्हणजे ती रेघ हिशेबात बरोबर ओढलेली आहे. पण मोजमाप पुस्तिकेत नोंद होते ती खणलेल्या घनमीटरांची. शोरिंग लावलं तरी तेवढेच पैसे, नाही लावलं तरी तेवढेच. कमी दराची निविदा भरून काम घेतलेला ठेकेदार ते सब-ठेकेदाराला देतो, तो मुकादमाला आणि मुकादम नाक्यावरून माणसं उचलतो. प्रत्येक पायरीवर थोडे पैसे झडतात आणि फळ्या-बल्ल्यांचे पैसे सगळ्यात आधी झडतात, कारण त्या नसल्याचं बिलात कुठेच दिसत नाही. काम संपल्यावर चारी बुजवलेलीच असते, बघणार काय?

अपघात झाला की ठेकेदारावर, बहुतेकदा सुपरवायझरवर, निष्काळजीपणानं मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल होतो. मेलेल्याचं नाव बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदलेलं असेल तर वारसांना ५ लाख रुपये मिळू शकतात. त्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज या नाक्यावर, उद्या त्या साइटवर अशा माणसाला तो कोण देणार? कल्याण मंडळाचा पैसा येतो बांधकामाच्या खर्चावरच्या एक टक्का उपकरातून, म्हणजे तो गोळा होतो त्याच कामांमधून.

यावर उपाय काही नव्यानं शोधायला नको. केंद्रीय बांधकाम विभागाच्या दरसूचीत चारीच्या लाकडी आधाराची बाब वेगळी आहे, दाट फळ्यांची वेगळी, विरळ फळ्यांची वेगळी, आणि ती आधार दिलेल्या कडेच्या चौरस मीटरवर मोजतात. राज्यातल्या नगरपालिका, महापालिकांना आपल्या निविदांत दीड मीटरच्या खालच्या प्रत्येक चारीसाठी अशी स्वतंत्र बाब घालता येईल. मग ती मोजायला कनिष्ठ अभियंत्याला काठाशी यावंच लागेल, टेप धरावी लागेल, बुजवण्याआधीचा फोटो बिलाला जोडावा लागेल. आणि पैसे मिळणार म्हटल्यावर ठेकेदार फळ्या स्वतःहून आणेल.